हाकेला ओ

सांगवी, १० डिसेंबर

चि. सौ. वृषालीस,

तुझ्या नावामागं पुन्हा ‘सौ.’ लिहिताना हात जरा थांबला, पण लिहिलं. आमचा लखन विहिरीवरच्या मोटारीचा शॉक लागून गेला, त्यानंतर तू कसलं तोंड घेऊन या घरात वावरत होतीस ते मी बघितलंय. सुनेचं दुसरं लग्न करून द्यावं, हे या घरात पहिल्यांदा मीच बोलले. त्यावर कुणी वाकडं बोललं तर मी अजून ऐकून घेत नाही.

पोरांचं मात्र बैठकीत ठरलं. आई दुसऱ्या घरी गेली की पोरं बापाच्या घरी राहायची, ही आपल्याकडची रीत. दोन्हीकडच्या टोप्यांनी माना हलवल्या आणि झालं. मी आत चहा करत होते, तू कपाटाआड उभी होतीस. आपल्या दोघींना विचारायचं कुणाच्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तुझा रविवारचा फोन आबांनी बंद केला, कारण फोन झाला की यशराज जेवत नाही. म्हणून हे लिहायचं काढलं. बिरू आपल्या भागातली भाजी घेऊन इंदापूरच्या बाजाराला जातो, तुझं शेळगाव त्याच्या वाटेवरच आहे. त्याला सांगितलंय, पत्र वृषालीच्याच हातात द्यायचं.

पोरं बरी आहेत. सकाळी थंडी अशी पडते की श्रेया आंघोळीचं नाव काढलं की गोठ्यात जाऊन बसते. नऊ वर्षांची झाली, पण वासरामागं लपली की दिसत नाही असं तिला अजून वाटतं. यशराजला पहिलीचं पुस्तक वाचता येतं, पण वाचायला सांगितलं की खोकला येतो. चुलीपुढं बसून दोघं तव्यावरची भाकरी हातात घेतात आणि भाजलं म्हणून मलाच बोलतात.

ज्वारी निसवली आहे, दाणा धरायला लागलाय. पाखरं हाकायला आबांनी मचाण बांधून दिलं. शाळेच्या आधी आणि शाळेनंतर दोघं त्यावर गोफण घेऊन बसतात. यंदा उसात बिबट्या हिंडतोय असं सगळे म्हणतात, म्हणून आबांनी एक शिस्त घातलीय. ते विहिरीवरून हाक मारणार, “पोऱ्होऽऽ,” आणि श्रेयानं मचाणावरून “ओऽऽ” द्यायची. ओ आली की पोरं जाग्यावर आहेत. सकाळ-संध्याकाळ आपलं हे चालू असतं, पाखरांपेक्षा यांचाच दंगा जास्त.

परवा मी भाकऱ्या थापत होते. श्रेया म्हणाली, “आजी, आई कुठल्या दिशेला ऱ्हाती?” तू मागं सांगितलं होतंस ना, तुमच्या गच्चीवरून सकाळी कारखान्याचा धूर दिसतो म्हणून. मी पिठाचा हात तसाच वर केला आणि म्हटलं, “तिकडं, कारखान्याच्या धुराजवळ.” पोरगी बराच वेळ बाहेर उभी राहून बघत होती.

आबांचं तेच. शेळगावचं पाणी पिणार नाही म्हणून तुझ्या लग्नात बोलले ते अजून धरून बसलेत. कुणी पाणी द्यायला बोलावलंय त्यांना तिकडं, ते मला कळत नाही.

सूरजरावांना आशीर्वाद सांग. माणूस सालस आहे असं बिरू म्हणाला.

तुझी आत्या,
मुक्ताबाई


१९ डिसेंबर

चि. सौ. वृषाली,

घाईत लिहितेय. सगळं ठीक आहे. आपल्या उसाला तोड आली. तोडकऱ्यांची टोळी ओढ्यापाशी उतरलीय, त्यातली कुशाबाई म्हणून एक बाई रोज पाण्याला येते. तिचं तान्हं यशराज तासन्‌तास खेळवतो.

श्रेयाच्या पायाला थोडं लागलंय. काळजी करण्यासारखं नाही. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलंय. आबांच्या तोंडाला आणि हातांना जरा ओरखडे आहेत, ते उसाच्या पानांचे.

बिरू काही बोलला तर मनावर घेऊ नकोस. त्याला तिखटमीठ लावून सांगायची सवय आहे.

मुक्ताबाई


२२ डिसेंबर

वृषाली,

बिरूच्या पोटात काही राहत नाही हे मला माहीत असायला हवं होतं. तुझं पत्र वाचलं. अक्षर इतकं हललेलं तुझं कधी बघितलं नव्हतं. आता सगळं सांगते, काही राखत नाही.

सतरा तारखेला सकाळी दोघं मचाणावर जातो म्हणून गेली. आबांनी विहिरीवरून हाक दिली. ओ आली नाही. पुन्हा दिली. आबांनी हातातला पाइप तसाच टाकला, पाणी वाहत राहिलं. मचाणावर गोफण होती, पोरं नव्हती.

मग जे झालं ते लिहायला नको वाटतं. वस्तीवरची सगळी माणसं काठ्या घेऊन उसात शिरली. आबा सर्वांच्या पुढं. अंगात बनियन, डोक्याला काही नाही, आणि तोडायचा राहिलेला ऊस डोक्याच्या वर. पानं तोंडावर सपासप लागत होती. ते नुसतं “पोऱ्हो, पोऱ्हो” ओरडत होते. मी बांधावर बसून राहिले. लखनच्या वेळेला असंच बसले होते.

पोरं गेली होती कारखान्यावर. कुशाबाईचा नवरा बैलगाडीत ऊस भरून निघाला होता. श्रेयानं त्याला सांगितलं, “आमची आई कारखान्याजवळ ऱ्हाती, आबांनी जायला सांगितलंय.” तो परमुलखातला माणूस, त्याला काय ठाऊक. मालकाची नात आहे म्हणून त्यानं दोघांना पुढं बसवून घेतलं, वर यशराजला ऊस सोलून दिला. श्रेयानं शाळेचा धुतलेला ड्रेस घातला होता. तुझ्यासाठी फडक्यात हुरडा बांधून घेतला होता. हुरडा अजून कोवळा होता, पण तिला तेवढाच मिळाला.

आपला ऊस आपल्या कारखान्याला जातो, जिथं आबा सभासद आहेत. तुमच्या गच्चीवरून धूर दिसतो तो कारखाना निराळा, पार तालुक्याच्या पलीकडचा. लेकराला कुठलं माहीत. तिच्या लेखी धूर एकच आणि कारखाना एकच. मीच दाखवला होता.

तिथं वजनकाट्यापाशी गाड्यांच्या रांगेत दोघं दुपारपर्यंत हिंडत होती. प्रत्येकाला विचारत होती, “वृषाली कुठं ऱ्हाती?” श्रेयाची चप्पल तुटली, पायात उसाचं चिपाड घुसलं. शेवटी आपल्या वस्तीवरचा एक ट्रॅक्टरवाला तिथं होता, त्यानं ओळखलं आणि आबांना फोन लावला.

आबा मोटारसायकलवर घेऊन आले. यशराज पुढं टाकीवर झोपला होता. मला वाटलं श्रेया रडेल, नाहीतर आबा मारतील. दोन्ही झालं नाही. ती उतरली आणि माझ्याकडं बघून म्हणाली, “आजी, तितला कारखाना दुसराच निघाला.”

मग म्हणाली, “दोन असत्यात हे तू सांगितलं न्हाईस.”

फडकं तिनं माझ्या हातात दिलं. हुरडा काळा पडला होता. मी तो फेकला नाही, गाईला घातला.

तू येते म्हणून लिहिलंस. थोडं थांब. आबांचं डोकं आत्ता ताळ्यावर नाही.

मुक्ताबाई


२ जानेवारी

वृषाली,

हे पत्र श्रेयाच्या वर्गावरच्या प्रगती मॅडमच्या पर्समधून येतंय. त्यांचं गाव इंदापूरकडं आहे. बिरूचं येणं आबांनी बंद केलं. “त्यो तितल्या बातम्या हितं आणि हितल्या तितं करतो,” म्हणाले. दोडकी आता दुसऱ्याच्या गाडीत भाव पाडून जातात. तेही चालतं त्यांना.

तू लिहितेस की सूरजराव दोन्ही पोरांना सांभाळायला तयार आहेत, खोलीला रंगसुद्धा दिलाय. वाचून मला बरं वाटलं आणि नंतर दिवसभर काही सुचलं नाही. दोन्ही खरं आहे. पुढं तू लिहितेस की गावातली चार माणसं घेऊन येते आणि पोरांना घेऊन जाते. ते करू नकोस. माणसं आली की इकडची माणसं जमतील. पुन्हा बैठक बसेल. पुन्हा टोप्या. मधे यशराजला उभा करतील आणि विचारतील, तुला कुणाकडं राहायचं. सहा वर्षांच्या पोराला हे विचारणाऱ्यांना मी माझ्या उंबऱ्यात उभं करणार नाही, मग ते तुझ्याकडचे असोत का आमच्याकडचे.

आणि आबांना चारचौघांत घेरलंस तर ते कायमचे अडून बसतील. मी त्यांच्याबरोबर आयुष्य काढलंय. त्यांना माणसांपुढं हरता येत नाही. एकट्यानं कधी कधी येतं.

इथली गोष्ट सांगते. श्रेया शाळेत जाते, घरात काम करते, मचाणावरही बसते. आबा म्हणत होते तिला आता मचाणावर पाठवू नका. तीच म्हणाली, “मी बसती.” आबा विहिरीवरून हाक देतात. ती ओ देत नाही.

पहिल्या दिवशी आबा धावत गेले. ती मचाणावर बसलेली होती, समोर बघत. “ओ द्याया काय झालं?” म्हणाले. दुसऱ्या दिवशी तेच. आता आबा धावत जात नाहीत, पण हाक दिली की पंप बंद करून ऐकत उभे राहतात. मी चुलीपाशी असते, मला दोन्ही ऐकू येतं. हाक ऐकू येते आणि नंतरचं गप्प राहणंही ऐकू येतं.

ज्वारी पाखरं खातायत. तिच्या हातात गोफण असते, ती मारत नाही.

मला चार दिवस दे.

मुक्ताबाई


९ जानेवारी

वृषाली,

आधी माझं सांगते, मग आबांचं.

मला पोरं द्यायची नाहीत. हे मी तुझ्याशिवाय कुणाला सांगू? यशराज झोपताना माझ्या कानाची पाळी धरून झोपतो. पाळीला दुखतं, मी हात काढत नाही. आबा सारखे म्हणतात, “लखनचं एवढंच उरलंय.” मलाही तसंच वाटतं. तू तिकडं नव्या घरात आहेस, तुला पुढं अजून पोरं होतील, आम्हाला काय होणार, असं मनात येतं. येतं म्हणून लिहिलं. तू रागावलीस तर तो तुझा हक्क आहे.

पण चार दिवसांमागं मी ज्वारीत गवत काढत होते. वरून श्रेया हळू आवाजात काहीतरी म्हणत होती. मला वाटलं कविता पाठ करतेय. जवळ गेले तर ती स्वतःच हाक देत होती आणि स्वतःच उत्तर देत होती. “श्रेऊऽ.” मग बारीक आवाजात, “ओ आई.” पुन्हा, “श्रेऊऽ.” “ओ आई.”

खुरपं तिथंच टाकून मी घरी आले.

दुसऱ्या दिवशी पोरांना शाळेत लावून मीच मचाणावर चढले. या वयात त्या शिडीवर चढणं म्हणजे काय ते माझ्या गुडघ्यांना विचार. आबांना माहीत होतं मी वर आहे. त्यांनी सवयीनं हाक दिली. मी ओ दिली नाही. पुन्हा दिली. मी गप्प. पंप बंद झाला. थोड्या वेळानं आबा बांधावरून आले आणि खाली उभे राहिले.

“तू बी?” म्हणाले.

“मी बी,” म्हटलं.

“पोरीनं शिकवलं व्हय तुला?”

“व्हय. तुमी हाक कशापायी मारता ते मला आज कळलं. बिबट्यासाठी न्हाय. तुमाला आपलं माणूस जाग्यावर हाय का न्हाय ते बघायचं असतं. ती पोरगी जाग्यावर न्हाय, आबा. नुसती बसलीया हितं.”

आबा वर बघत राहिले. त्यांच्या तोंडावरच्या ओरखड्यांचे आता नुसते वण उरलेत. मी पुढं म्हटलं, “लखनला आपुन किती हाका मारल्या. त्यो येनार नव्हता. हिची आई तर हाकेसरशी येनारी हाय.”

आबा तिथंच बांधावर बसले. ज्वारीवर पाखरांचा थवा उतरला, कणसं वाकली, आणि आबा बघत राहिले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांना पाखरं न हाकता बसलेलं बघितलं. मीही हाकली नाहीत.

दोन दिवस तसेच गेले. आज सकाळी चहा पिताना बशीत बघत म्हणाले, “शेळगावची शाळा कुठवर हाय?”

मी म्हटलं, “धाव्वीपर्यंत.”

मला माहीत नाही कुठवर आहे. तू नंतर बघून घे.

“आनि मास्तर?”

“चांगलं हायत.”

तेही मला माहीत नाही. आबा उठले, टोपी घातली आणि शाळेकडं गेले. दुपारी प्रगती मॅडमनी येऊन सांगितलं की दाखल्याचं विचारायला आले होते. कशाला पाहिजे म्हटल्यावर म्हणाले, “हिच्या आईला विचारा.”

तुझा माणसं आणायचा बेत मोडलास ना? मोडला नसशील तर आज मोड.

मुक्ताबाई


१३ जानेवारी, भोगी

चि. सौ. वृषाली,

हे पत्र बिरूच्या हातात नाही, श्रेयाच्या हातात आहे. तिनं ते दप्तरात ठेवलंय आणि वाटेत वाचणार नाही असं कबूल केलंय. वाचलं असेल तर तिच्या तोंडावरून तुला कळेल.

आज भोगीची भाजी केली, बाजरीच्या भाकरीला तीळ लावले. आबांनीच बिरूला बोलावणं पाठवलं. बिरू घाबरत घाबरत आला. आबा त्याला म्हणाले, “गाडीत भाजी भरू नगंस आज. पोरं बसायचीत.” एवढंच. त्यांच्याकडून याहून जास्त कुणी ऐकायची आशा करू नये.

आबा बिरूच्या शेजारी बसून येतायत. गाडीतून उतरायचे नाहीत. त्यांना आत या म्हणू नकोस, पाया पडायला धावू नकोस, सूरजरावांनाही सांग की फार आग्रह नको. यशराजच्या हातात तांब्या दे आणि गाडीपाशी पाठव. पोरानं पुढं केलेलं पाणी ते घेतात का, ते मला बिरूकडून कळवायचं. दुसरं काही नाही कळवलंस तरी चालेल.

पोरं सुट्टीला इकडं येतील असं आबा म्हणाले. बैठकीत ठरल्यासारखं म्हणाले. मी हो म्हटलं. तूही हो म्हण.

यशराजला गोधडी माझी लागते, ती बांधून दिलीय. झोपताना तो तुझा कान चाचपेल, दुखलं तरी धरू दे. श्रेयाच्या पायाची जखम भरलीय, पण थंडीत पाय ठणकतो, रात्री तेल लावत जा. त्या फडक्यात पुन्हा हुरडा बांधून दिलाय. या खेपेला दाणा भरलाय. ज्वारी बरीचशी पाखरांनी नेली, पण मचाणाजवळचा एक पट्टा राहिला. तो आबांनी काल दिवसभर एकट्यानं राखला.

एक गोष्ट मात्र ध्यानात ठेव. श्रेयाला हाक मारलीस आणि ती लगेच बोलली नाही, तर धावत जाऊ नकोस, रडूही नकोस. तिची ती सवय गेलेली नाही. जरा थांब आणि पुन्हा मार.

मी येत नाही. इथं कुणीतरी मचाणावर बसायला पाहिजे. आबा परत आले की विहिरीवरून हाक मारतील, त्यांना ओ द्यायला मी असेन.

तुझी आत्या,
मुक्ताबाई